पाण्यावरची स्नोमोबाइल आणि समुद्रातली पालखी

आजचा भाग सुरू होतोय अमेरिकेतल्या एका तळ्यावर आणि संपणार आहे आपल्या रायगड जिल्ह्यात. मध्ये जंजिरा आहे, खांदेरी आहे, आणि आमच्या वरसे गावाशेजारून वाहणारी कुंडलिकाही आहे. हेडफोन लावा, निघूया.

एक व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. भर उन्हाळा, समोर तळं, बर्फाचा पत्ता नाही. एक माणूस स्नोमोबाइलवर बसलाय. स्नोमोबाइल म्हणजे बर्फावर चालणारी स्कूटर म्हणा. पुढे दोन पट्ट्या, मागे दातेरी रबरी पट्टा, वजन दोनशे किलोच्या आसपास. तो गाडी पळवत किनाऱ्यावर येतो आणि थेट पाण्यात घालतो. आपल्याला वाटतं, गेली! पण ती बुडत नाही. पाणी उडवत, सुसाट, तळ्याच्या पलीकडे निघून जाते.

ही काही जादू नाही. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात ग्रँट्सबर्ग नावाचं छोटं गाव आहे. तिथे 1970च्या दशकापासून भर जुलैत याच्या शर्यती होतात. मागचा रबरी पट्टा पाणी जोरात मागे फेकतो आणि गाडी पुढे जाते. वेग इतका असतो की खालच्या पाण्याला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही, आणि तेच पाणी गाडीला वर धरून ठेवतं. आपण चपटा खडा पाण्यावर आडवा फेकतो आणि तो टप्पे घेत जातो, तसंच हे. वेग कमी झाला की खडा बुडतो, गाडीही बुडते. म्हणून तिथे प्रत्येक गाडीला दोरीने एक बोया बांधलेला असतो. गाडी तळाला गेली की बोया वर तरंगतो आणि कुठे शोधायचं ते कळतं. शर्यतीत मदतीची बोट तयार असते. एकट्यानेच असले प्रयोग करायला गेलेले लोक मेलेलेही आहेत, हे त्या व्हिडिओत दिसत नाही.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ती गाडी पाण्यात शिरल्यावर वेग पकडत नाही. वेग आधी जमिनीवर घ्यावा लागतो. किनाऱ्यावर धाव कमी पडली तर पाण्यात कितीही अ‍ॅक्सिलरेटर पिळा, उपयोग नाही. म्हणजे पाणी पार होणार की नाही, हे पाण्याला चाक लागायच्या आधीच ठरलेलं असतं.

हे डोक्यात ठेवा. आता साडेतीनशे वर्षं मागे जाऊ.

मी वरसे गावचा. रोह्याला लागूनच आहे. समोर कुंडलिका, तिच्या पलीकडे अष्टमी. हीच नदी पुढे रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. भरतीचं पाणी खाडीतून पार रोह्यापर्यंत चढतं, त्यामुळे एकेकाळी रोहा-अष्टमी हे चक्क बंदर होतं. गलबतं यायची, भात भरून जायची. 1674 साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला मुंबईहून इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आला, तोही याच वाटेने. मुंबईहून चौल, चौलहून होडीने अष्टमी, आणि तिथून पुढे जमिनीवरून निजामपूरमार्गे रायगड. म्हणजे आज आपण ज्या पुलावरून बाइक घालतो, तिथेच कुठेतरी तो होडीतून उतरला असणार.

अष्टमीला त्याने होडी सोडली, कारण पुढे होडीचं काम नव्हतं. पाण्यावर होडी, जमिनीवर घोडा नाहीतर पालखी. साधा हिशेब आहे. पण पालखीच समुद्रात न्यायची वेळ आली तर?

तशी एक गोष्ट आपल्याकडे सांगतात. मुरूडजवळ राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा किल्ला आहे. चारही बाजूंनी पाणी, आणि भिंती थेट पाण्यातून वर आलेल्या. तिथला सिद्दी स्वराज्याला कायमचा त्रास. 1676च्या सुमारास मोरोपंत पेशव्यांनी मोहीम काढली. किल्ल्याला शिड्या लावायची कामगिरी घेतली लाय पाटील या कोळ्याने. रात्रीच्या काळोखात, सिद्दीच्या पहाऱ्याखाली, त्याच्या माणसांनी होड्या तटाला भिडवल्या आणि शिड्या लावल्यासुद्धा! आता मोरोपंतांच्या लोकांनी यायचं आणि वर चढायचं, एवढंच बाकी होतं.

ते आलेच नाहीत. लाय पाटील वाट बघत राहिला. पहाट व्हायला लागली. उजाडल्यावर शिड्या दिसल्या असत्या तर सगळेच मेले असते. शेवटी त्याने शिड्या काढल्या आणि तो परत फिरला.

महाराजांना हे कळल्यावर त्यांनी लाय पाटलाला पालखीचा मान देऊ केला. त्या काळात पालखी म्हणजे फार मोठा सन्मान. पण तो म्हणाला, आम्ही दर्यावर्दी माणसं, पालखी घेऊन काय करणार? मग महाराजांनी त्याच्यासाठी एक गलबत बांधायला सांगितलं आणि त्या गलबताचं नाव ठेवलं ‘पालखी’. ही परंपरेने आलेली गोष्ट आहे. ऐकायला गोड आहे, म्हणून आपण ती पालखीवर संपवतो. मला मात्र तिच्यातली आधीची रात्र जास्त बोलकी वाटते. पाण्यावरचं काम फत्ते झालं होतं. अडलं ते किनाऱ्यावर. किनाऱ्यावरून निघायची माणसं वेळेत निघाली नाहीत.

पुढचा प्रयत्न संभाजी महाराजांचा. 1681च्या अखेरीला त्यांनी जंजिऱ्याला वेढा घातला. तोफा डागून भिंती हलेनात. तेव्हा एक अचाट कल्पना पुढे आली: समुद्रच बुजवायचा! किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंतचं अंतर एक किलोमीटरच्या आतलं. तेवढ्या पाण्यात दगड टाकत जायचं, सेतू बांधायचा आणि सैन्य चालत न्यायचं. होडी नको, भरतीची वाट बघणं नको. जमीनच समुद्रात घेऊन जायची. जमिनीवरची गाडी पाण्यावर नेणाऱ्या त्या पोरांच्या डोक्यात जे असतं, त्याचंच हे प्रचंड रूप म्हणा ना.

कामाला सुरुवातही झाली. पण अशा कामाला लागतो वेळ, आणि वेळच नव्हता. औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरला होता. 1682च्या सुरुवातीला त्याचा सरदार हसन अली खान कल्याणच्या बाजूने कोकणात घुसला. संभाजी महाराजांना वेढा सोडून तिकडे धावावं लागलं. मागे दादाजी रघुनाथ देशपांडे मोहीम चालवत राहिले. त्यांनी होड्यांतून हल्ला केला, पण सिद्दीने तो परतवला. सेतू अर्धाच राहिला. पुढे 1948मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झालं, तोपर्यंत तो किल्ला कुणालाच लढून घेता आला नाही.

आता कुणी म्हणेल, कल्पनाच वेडी होती. मला तसं वाटत नाही. सिकंदराने टायर नावाचं बेट समुद्रात भर घालूनच घेतलं होतं. त्याला सात महिने मिळाले. संभाजी महाराजांना ते मिळाले नाहीत, कारण पाठीमागच्या जमिनीवर मुघल होते. पुन्हा तेच: समुद्रात काय होणार, ते किनाऱ्यामागे ठरलं.

मग पाणी कधीच जिंकता आलं नाही का? आलं की! त्यासाठी जरा मागे, 1679मध्ये या.

थळच्या किनाऱ्यासमोर, मुंबईच्या दक्षिणेला, खांदेरी नावाचं बेट आहे. थळहून काही किलोमीटरवर. महाराजांनी ठरवलं, इथे किल्ला बांधायचा. पावसाळा सरता सरता मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार छोट्या तोफा घेऊन बेटावर उतरला आणि तटाचं काम सुरू झालं. मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला. मुंबई बंदरात ये-जा करणाऱ्या जहाजांवर इथून नजर ठेवता येणार होती. ऑक्झिंडेनने नजराणे आणले, त्याला पाचच वर्षं झाली होती. आता त्याच इंग्रजांनी बेटाभोवती जहाजं उभी केली. एका तुकडीने बेटावर उतरायचा प्रयत्न केला, त्यात त्यांचा अधिकारी थॉर्प मारला गेला.

इंग्रजांची जहाजं मोठी, त्यांच्या तोफाही मोठ्या. पण ती वाऱ्यावर चालायची आणि त्यांना खोल पाणी लागायचं. आपल्या होड्या छोट्या, उथळ तळाच्या, आणि वल्ह्यांवर चालणाऱ्या. वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी, आणि होडी मात्र वल्हं मारत शेजारून पसार. रात्री थळ-नागावच्या बाजूने निघायचं, माणसं आणि सामान बेटावर उतरवायचं, उजाडायच्या आत परत खाडीत. खाडीत पाणी कमी, खाली खडक. तिथे इंग्रज पाठलागच करू शकत नव्हते.

18 ऑक्टोबर 1679ला दौलतखान पहाटे आरमार घेऊन थेट इंग्रजांवर गेला. त्या झटापटीत इंग्रजांचं ‘डव्ह’ जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाने मात्र जोरदार मारा केला आणि आपलं आरमार माघार घेऊन नागावच्या खाडीत शिरलं. म्हणजे त्या दिवसाची लढाई काही आपण एकतर्फी जिंकली नाही. पण नंतरही रात्रीच्या होड्या थांबल्या नाहीत आणि तट वाढतच राहिला. इंग्रजांच्या मदतीला सिद्दी आला. त्याने शेजारचं उंदेरी बेट बळकावलं. खांदेरी मात्र ढळली नाही. शेवटी 1680मध्ये इंग्रजांनी समेट केला आणि जहाजं मागे घेतली.

दौलतखान आणि मायनाक भंडारी ही नावं तरी आपल्याला माहीत आहेत. रात्री वल्ही मारणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. भरती किती वाजता, खडक कुठे, वारा कधी पडतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. खांदेरी टिकली ती या माहितीवर, आणि पाठीमागे सामान घेऊन रोज तयार असलेल्या किनाऱ्यावर. जंजिऱ्याला जे दोनदा कमी पडलं, तेच इथे शेवटपर्यंत पुरलं. आज भारतीय नौदलाच्या एका पाणबुडीचं नाव खांदेरी आहे, आणि 2025मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्येही हा किल्ला आहे.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं आज का सांगतोय? कारण पावसाळा. कुंडलिका फुगते, सावित्री फुगते, ओढ्यांवरच्या फरशा पाण्याखाली जातात. आणि कुणीतरी बाइक घेऊन उभा असतो, मागे मित्राचा मोबाइल चालू. “जोरात घाल, निघेल!” तो बर्फावरच्या गाडीचा व्हिडिओ डोक्यात असतो ना! पण आपल्या बाइकचं चाक पाण्याला मागे फेकत नाही. उलट वाहतं पाणी चाकाला आडवं ढकलतं. गुडघाभर जोराचं पाणी धडधाकट माणसाला पाडतं, आणि दोन फुटांत चारचाकी तरंगायला लागते. तरंगली की स्टिअरिंग कुणाच्याच हातात राहत नाही. वर फरशी पाण्याखाली शाबूत आहे की वाहून गेली, हे गढूळ पाण्यात दिसत नाही.

आपल्या जिल्ह्याला हे शिकवायची गरज पडू नये. 2 ऑगस्ट 2016च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात कोसळला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली अशा दोन एसटी बस काळोखात नदीत गेल्या. त्यातल्या प्रवाशांनी कसलंही धाडस केलं नव्हतं. ते बसमध्ये आपापल्या सीटवर बसले होते. पुलावरची वाहतूक त्या रात्री चालू ठेवायची की बंद करायची, हा निर्णय त्यांच्या हातातला नव्हता. पुढे तिथे नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि जून 2017मध्ये सुरू झाला. मनात आलं तर कामं किती लवकर होतात, हेही तेव्हा दिसलं.

म्हणून किनाऱ्यावरचे निर्णय दोन प्रकारचे असतात, असं मला वाटतं. एक आपला: फरशीवर पाणी आहे, तर थांबायचं. दुसरा ज्यांच्या हातात पूल आहे त्यांचा: पुलाखालचा पाया बघायचा, वेळेत साखळी लावायची, रस्ता बंद करायचा. पहिला आपण घ्यायचा, आणि दुसरा घेतला जातोय का, हे विचारत राहायचं. ग्रामसभेत विचारा, ग्रुपवर विचारा. तुमच्या वाटेवरचा पूल कधी बांधलाय, शेवटचा कधी तपासलाय, एवढे दोन प्रश्न तर विचारता येतातच.

राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या आजही जातात. पण पावसाळ्यात त्या बंद असतात. ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर गेली, तेच होड्या वर ओढून ठेवतात. त्यांना कुणी भित्रं म्हणत नाही.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावातला जुना पूल, जुनी तर, जुनं बंदर, काहीही असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि मला कळवा. पुढच्या भागात भेटू. आणि हो, पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबा.