स्कँडिनेव्हियन चलनसंघ आणि मध्यवर्ती बँकांचा १८८५ चा करार

चलनसंघांचा इतिहास बहुधा राज्याराज्यांमधील तहांच्या आधारे लिहिला जातो. स्कँडिनेव्हियन चलनसंघाच्या बाबतीत ही पद्धती अपुरी पडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

स्वीडन व डेन्मार्क यांनी १८७३ मध्ये सुवर्णपरिमाणावर आधारलेले समान चलन स्वीकारले. १८७५ मध्ये नॉर्वे त्यांना येऊन मिळाला. एक किलोग्रॅम शुद्ध सोन्याचे २,४८० क्रोन असे प्रमाण ठरले. (स्वीडिश ‘क्रोना’ आणि डॅनिश-नॉर्वेजियन ‘क्रोन’ या रूपांत भेद आहे तो केवळ अंत्य स्वराचा; अर्थ दोन्हीकडे ‘मुकुट’ हाच.) परंतु तहाचा विषय नाणी एवढाच होता. बँकनोटा व हुंड्या यांविषयी त्यात काहीही नव्हते आणि मोठा व्यापार तर त्यांवरच चालत असे. त्यामुळे नाणे एक असूनही सोने पाठविण्याच्या खर्चाइतका विनिमयदरातील चढउतार कायम राहिला.

ही उणीव मध्यवर्ती बँकांनी १८८५ च्या कराराने भरून काढली. त्यांनी परस्परांची चालू खाती उघडली. एका बँकेने दुसरीवर, तेथे शिल्लक नसतानाही, सममूल्याने धनाकर्ष काढावा आणि त्यावर व्याज अथवा शुल्क पडू नये, अशी ही व्यवस्था होती. स्वीडनची रिक्सबँक संसदेला उत्तरदायी, तर डेन्मार्कची नॅशनल बँक त्या काळी भागधारकांच्या मालकीची. अशा भिन्न घटनेच्या संस्थांनी एकमेकींना बिनव्याजी पत द्यावी, हे आजही नवल वाटण्यासारखे आहे. देशोदेशी सोने वाहून नेण्याचे प्रयोजन बहुतांशी संपले. पुढे १८९४ मध्ये स्वीडन व नॉर्वे यांच्या बँका परस्परांच्या नोटा सममूल्याने घेऊ लागल्या. १९०१ मध्ये डेन्मार्कही या व्यवस्थेत आला.

परंतु जे स्वेच्छेने दिले ते सूचना देऊन काढूनही घेता येते. १९०५ मध्ये स्वीडन-नॉर्वे राजकीय संयोग तुटताच रिक्सबँकेने जुना करार संपुष्टात आणला. नव्या करारात शुल्क आकारण्याची मुभा राहिली. नोटांचे सममूल्य मात्र टिकले, ही गोष्ट दुर्लक्षिता येत नाही.

ऑगस्ट १९१४ मध्ये तिन्ही देशांनी नोटांची सुवर्णपरिवर्तनीयता स्थगित केली आणि १९१५ पासून विनिमयदर विलग होऊ लागले. स्वीडिश क्रोना वधारला. १९१६ मध्ये रिक्सबँकेला ठराविक दराने सोने खरेदी करण्याच्या बंधनातून मुक्त करण्यात आले. पण तहान्वये शेजाऱ्यांची सुवर्णनाणी स्वीकारणे तिला भागच होते. बँकांचे ऐच्छिक सहकार्य मावळले होते आणि तहातील सक्ती तेवढी उरली होती. तिचा भार एकट्या स्वीडनवर पडला. युद्धानंतर खुर्दाही त्याच वाटेने स्वीडनमध्ये येऊ लागला. १९२४ मध्ये शेजारी देशांच्या खुर्द्याची कायदेशीर ग्राह्यता संपविण्यात आली. मूळ तह कागदोपत्री मात्र १९७२ पर्यंत जिवंत होता.