पुढचे यंत्र कोणते? जालना ते गोदाकाठ या मुलखातील घरगुती ध्वनिसंचाचा इतिहास

घरातल्या ध्वनिसंचात चार गोष्टी एकमेकींवर अवलंबून असतात: आवाजाचा उगम, तो वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, तो हवेत सोडणारे स्पीकर आणि तो ज्या खोलीत ऐकायचा ती खोली. यांपैकी जी बाजू सर्वांत कच्ची असते, तिच्यापुढे बाकीच्यांचे काही चालत नाही. संचात पुढची सुधारणा कुठे करायची, हा प्रश्न म्हणजे ही कच्ची बाजू ओळखण्याचा प्रश्न होय. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरी आणि तिच्या आसपासच्या गोदाकाठच्या गावांत ही बाजू बराच काळ यंत्राच्या बाहेर होती: आधी जकातनाक्यावर, मग विजेच्या खांबावर, आणि आता घराच्या भिंतींत. येथल्या घरांनी यंत्रे बदलली ती या अडचणींचा अंदाज घेऊन, आणि म्हणूनच त्यांचा क्रम मुंबई-पुण्याच्या हौशी श्रोत्यांपेक्षा वेगळा राहिला.

भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ मध्ये. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कोलकात्यात आला आणि त्याने गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरवले. पुढच्या काही दशकांत अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, मास्टर कृष्णराव यांच्या प्लेटा बाजारात आल्या आणि नाट्यसंगीत नाटक कंपनीच्या मुक्कामाबाहेर ऐकू येऊ लागले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. चावी देऊन स्प्रिंग गुंडाळायची, पोलादी सुई बसवायची आणि एक बाजू संपली की सुई फेकून नवी लावायची, असा हा खटाटोप होता. सुई वाचवण्याचा मोह महागात पडे, कारण झिजलेली सुई लाखेच्या तबकडीची खाच खरवडून काढी. फोनोवाल्या घरातील पहिली शहाणी सुधारणा म्हणजे सुयांची आणखी एक डबी, दुसरी म्हणजे साउंडबॉक्समधील कडक झालेले रबर बदलणे. मोठा कर्णा हा दिवाणखान्याचा डौल होता. पेटीतच कर्णा लपवलेली, एचएमव्हीच्या १०२ क्रमांकासारखी हातात नेण्याजोगी यंत्रे आली, तेव्हा तो डौल मागे पडला.

हा सगळा माल तीर्थपुरीच्या बाजूला सहज पोहोचत नव्हता. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटर गेज रेल्वे झाली आणि कापसाच्या व्यापारामुळे जालना भरभराटीला आले, पण मुंबईचा माल संस्थानाच्या हद्दीत आला की करोडगिरी, म्हणजे संस्थानची जकात, भरावी लागे. तीर्थपुरीकडे जाणारा माल रेल्वेने जालन्यापर्यंत येई. पुढचा प्रवास बैलगाडीचा. लाखेची तबकडी ठिसूळ असते. त्यामुळे फोनो हा देशमुख, वतनदार, सावकार यांच्या वाड्यांपुरता आणि शहरातील पेढीवाल्यांपुरता राहिला. बाकीच्यांचे संगीत प्रत्यक्ष होते: भजनी मंडळ, कीर्तन, गोंधळ, तमाशाचा फड, आणि अंबडला दत्तजयंतीच्या उत्सवात होणारे शास्त्रीय गायन. या कानांना सजीव पखवाजाची आणि टाळांची सवय होती, ही गोष्ट पुढच्या इतिहासात महत्त्वाची आहे.

रेडिओने पहिल्यांदा हे अंतर कमी केले. हैदराबादचे केंद्र १९३० च्या दशकात सुरू झाले होते. ते आणि औरंगाबादचे केंद्र १ एप्रिल १९५० रोजी आकाशवाणीने आपल्याकडे घेतले. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले, आणि १९५५-५६ मध्ये त्याच केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण, एकूण ५६ गीते, आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाले. मात्र व्हॉल्व्हच्या रेडिओला वीज लागे. जिथे वीज नव्हती तिथे नव्वद व्होल्टची जाडजूड कोरडी बॅटरी लागे आणि ती संपली की शहर गाठावे लागे. शिवाय टपाल कचेरीतून रेडिओचा परवाना काढून दरवर्षी शुल्क भरावे लागे. ही पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली.

ट्रान्झिस्टरने हा पेच सोडवला. टॉर्चच्या सेलवर चालणारा रेडिओ खांद्याला अडकवून शेतात नेता येऊ लागला आणि विजेची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. मर्फी, बुश, फिलिप्स, नेल्को ही नावे घरोघर झाली. या काळात संच सुधारायचा म्हणजे नवा रेडिओ घ्यायचा असे नव्हते, तर एरियल सुधारायची. तांब्याच्या जाळीची पट्टी दोन बांबूंमध्ये ताणून माळवदावर बांधली की श्रीलंकेचे केंद्र शॉर्टवेव्हवर खरखर कमी होऊन लागे. १९५० च्या दशकात आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद केले होते, तेव्हा त्या केंद्राचे महत्त्व फार होते. ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाल्यावर ते हळूहळू उतरले. सेल उतरले की उन्हात ठेवण्याची रीत सर्वत्र होती. उबेने सेलातील रासायनिक क्रिया थोडी वेग घेते, त्यामुळे आणखी काही वेळ बातम्या ऐकता येत.

शहरांत याच सुमारास वेगळीच घडामोड चालू होती. मिनिटाला ३३ फेऱ्या घेणारी लाँगप्ले तबकडी १९४८ मध्ये अमेरिकेत आली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणे मावू लागले. ख्यालगायनाला यंत्रात प्रथमच पुरेशी जागा मिळाली. १९५८ च्या आसपास स्टिरिओ तबकड्या निघाल्या. कोलकात्याच्या सोनोडाइन आणि मुंबईच्या कॉस्मिक या देशी कंपन्यांनी स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर बनवले, कारण आयातीवर कडक बंधने होती. तबकडीचा पिकअप आधी की स्पीकर आधी, हा वाद तिथल्या श्रोत्यांत रंगे. उगमात हरवलेले पुढे कोणालाही परत आणता येत नाही, असे पहिल्या पक्षाचे म्हणणे. सर्वांत जास्त विकृती स्पीकरच करतो, असे दुसऱ्याचे. दोन्ही म्हणणी खरी आहेत आणि निवाडा संच पाहूनच करावा लागतो. गोदाकाठच्या गावांत हा वाद पोहोचलाच नाही. लाँगप्ले तबकडीला सपाट जागा, स्थिर वीज आणि धूळ नसलेली हवा लागते, आणि उन्हाळ्यात ती वाकते. गावाकडचा बहुसंख्य श्रोता रेडिओवरून थेट कॅसेटवर गेला.

यामागे शेतीतला बदल आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी ऑक्टोबर १९६५ मध्ये झाली आणि उद्घाटन फेब्रुवारी १९७६ मध्ये. त्याचा डावा कालवा जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागातून परभणीकडे जातो. मधल्या १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याचे कंबरडे मोडले होते. तेव्हा कोणी यंत्रांचा विचार करत नव्हते. पुढे कालव्याचे पाणी, ऊस आणि संकरित कापूस यांनी काही घरांच्या हाती रोख पैसा दिला. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. औरंगाबादजवळ चितेगाव येथे व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला, आणि टीव्ही व संगीतसंच या वस्तू मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरूनच आणायच्या असतात हा समज मोडला.

कॅसेट फिलिप्सने १९६३ मध्ये काढली. तिची पट्टी चार मिलिमीटरहूनही अरुंद आणि वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. म्हणजे गुणवत्तेत ती लाँगप्ले तबकडीच्या मागेच होती. तरीही ती जिंकली, कारण ती स्वस्त होती, पडली तरी फुटत नव्हती आणि तिच्यावर घरीच आवाज भरता येत होता. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने शास्त्रीय गायन कॅसेटवर आणले. दिल्लीच्या टी-सिरीजने दर खाली आणून बाजार उलटापालटा केला. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते आणि भीमगीते एसटी स्टँडवरच्या टपरीपासून लग्नमंडपापर्यंत सर्वत्र वाजली. ज्या गायकांना तबकडीच्या काळात कंपन्यांनी क्वचितच दार उघडले असते, त्यांचा आवाज कॅसेटने घराघरात नेला. ध्वनीच्या दृष्टीने ही माघार होती, ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने मोठी मजल, आणि इतिहासात दुसरीच गोष्ट जड ठरते.

टेपरेकॉर्डरची खरी नस पट्टी वाचणाऱ्या हेडमध्ये होती. पट्टीवरचा तपकिरी थर हेडवर साचत जाई. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये भिजवून तो पुसला की टाळ-चिपळ्यांची धार लगेच परत येई. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो; त्याने हेड पट्टीला अचूक काटकोनात येते. तो किंचित जरी फिरला तरी वरचे स्वर गळतात आणि झांज कापडाखाली वाजल्यासारखी बोथट ऐकू येते. अनेक घरांनी आवाज गेला म्हणून नवा टेप घेतला, तेव्हा प्रत्यक्षात एवढा स्क्रू जुळवणे पुरले असते. बाजारच्या ठिकाणचा जाणता रेडिओ मिस्त्री ते कानाने करी: कॅसेट लावायची, स्क्रू दोन्ही बाजूंना हळू फिरवायचा, आणि चिपळ्या सर्वांत स्वच्छ वाजतील तिथे थांबून त्यावर रंगाचा थेंब टाकायचा.

१९९० च्या सुमारास डबल कॅसेट डेक, इक्वलायझरचे दिवे आणि वेगळे बॉक्स असलेला संच हे प्रतिष्ठेचे चिन्ह झाले. याच काळात ग्राहकाची सर्वांत मोठी फसगत झाली ती वॉटच्या आकड्यांत. संचावर हजार-दोन हजार वॉट पीएमपीओ असे छापलेले असे. हा आकडा क्षणभराच्या कल्पित कमाल शक्तीचा असून त्याला कोणतेही सर्वमान्य मोजमाप नव्हते. सलग मिळणारी शक्ती आरएमएसमध्ये सांगतात आणि ती बहुधा दहा-वीस वॉट असे. खरी खूण संचाच्या मागच्या पट्टीवर होती: तिथे विजेचा वापर पन्नास वॉट लिहिला असेल, तर त्या यंत्रातून सलग पन्नास वॉटांचा आवाज निघणे अशक्य. शिवाय शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. जास्त संवेदनक्षम स्पीकर घेतला, तर तेच तीन डेसिबल अ‍ॅम्प्लिफायर न बदलता मिळतात.

वीज आली तरी ती धडपणे आली नाही. एकाच रोहित्रावर गाव आणि विहिरींवरचे पंप असत. पंप सुरू झाले की दाब पडे आणि स्वस्त टेपरेकॉर्डरची गती मंदावे. त्यामुळे कित्येक घरांत संचानंतरची पुढची खरेदी स्टॅबिलायझरची होती आणि ती योग्यच होती. २००० नंतरच्या दशकात भारनियमन बारा-बारा तासांवर गेले तेव्हा इन्व्हर्टर आले. स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लहर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घूंऽऽ असा आवाज उठवते, आणि अर्थिंग नसेल तर तो आणखी वाढतो. गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे झाल्यावर परिस्थिती बरीच सुधारली.

खोलीकडे मात्र कोणी पाहिले नाही. मराठवाड्याचे जुने माळवदाचे घर ऐकण्यासाठी उत्तम असते. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, शेणामातीने सारवलेला खडबडीत पृष्ठभाग, कोनाडे, लाकडी सर आणि वरचा मातीचा जाड थर यांमुळे आवाज विखुरतो, थोडा शोषला जातो आणि भिंती थरथरत नाहीत. धान्याची पोती आणि गोधड्यांची चळत उरलेला घुमारा खातात. पत्र्याचे घर याच्या उलट: पखवाजाच्या डाव्या पुडीच्या घुमाऱ्याबरोबर पत्राच वाजू लागतो. स्लॅबच्या घरात गुळगुळीत प्लास्टर आणि फरशी यांच्यामध्ये आवाज मागेपुढे आपटत राहतो आणि शब्द अस्पष्ट होतात. त्यात दोन बॉक्सांपैकी एक कपाटावर आणि दुसरा ओसरीत ठेवला, की स्टिरिओचा अर्थच संपतो. दोन्ही स्पीकर कानाच्या उंचीवर, भिंतीपासून हातभर पुढे आणि ऐकणाऱ्याशी समभुज त्रिकोण होईल असे ठेवणे, ही बिनखर्चाची सुधारणा संचाच्या किमतीपेक्षा जास्त फरक पाडते.

कॉम्पॅक्ट डिस्क जगात १९८२ मध्ये आली, पण गावात ती मुख्यतः एमपी३ भरलेल्या स्वस्त डिस्कच्या रूपाने पोहोचली: एका डिस्कवर दीडशे गाणी. लगोलग मोबाइलचे मेमरी कार्ड आले आणि मोबाइलच्या दुकानात थोडक्या पैशांत ते गाण्यांनी भरून मिळू लागले. डिस्कवर सेकंदाला १,४११ किलोबिट माहिती असते. या कार्डांवरच्या गाण्यांत बहुधा १२८. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर इंटरनेट स्वस्त झाले आणि कार्डही मागे पडले. आज तीर्थपुरीतल्या श्रोत्याला मुंबईच्या श्रोत्याइतकाच चांगला उगम फोनवर मिळतो. शंभर वर्षांत प्रथमच कच्ची बाजू पुरती घराच्या आत आली आहे. म्हणून आज या भागातील घराने पैसा खर्चायचा तो आधी अर्थिंगवर, मग दोन चांगल्या स्पीकरांवर आणि जाड पडदा-सतरंजीवर. अ‍ॅम्प्लिफायर त्यानंतर, आणि फोनऐवजी दुसरे महागडे यंत्र सर्वांत शेवटी. एकाच पेटीतला ब्लूटूथ स्पीकर कितीही जोरात वाजला, तरी गायक आणि साथीदार यांच्यातले अंतर तो दाखवू शकत नाही.

एक सुधारणा मात्र मागच्या दिशेची आहे आणि तिला मुदत आहे. गावोगावच्या ट्रंकांत सप्ताहातली कीर्तने, लग्नातली गाणी, घरातल्या थोरल्यांचे आवाज असलेल्या कॅसेटी पडून आहेत. ही सामग्री किती मोलाची असू शकते हे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या कामाने दाखवले: त्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांत मराठवाड्यातील बायकांच्या ओव्याही आहेत, आणि त्या आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संग्रहात ऐकता येतात. घरच्या कॅसेटी दमट हवेत बुरशी धरतात, पट्टी दाबून धरणारी नमद्याची गादी गळून पडते, आणि टेप दुरुस्त करणारे मिस्त्री कमी होत आहेत. एक चालू स्थितीतला डेक, त्याचा नवा पट्टा, स्वच्छ हेड आणि संगणकाला जोडणारी साधी वायर एवढ्यावर हे आवाज उतरवता येतात. त्याआधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळावी लागते, हेडचा स्क्रू प्रत्येक कॅसेटसाठी नव्याने जुळवावा लागतो, आणि नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटे द्यावीच लागतात.