बहुस्वरता (सिंथेसायझर)

सिंथेसायझर किंवा इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर एकाच वेळी जास्तीत जास्त जितके स्वर निर्माण होऊ शकतात, त्या संख्येस बहुस्वरता म्हणतात. वाद्यांच्या तुलनात्मक तक्त्यांत ती पट्ट्यांच्या संख्येशेजारी दिलेली आढळते. मात्र एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. पेटीवर जेवढ्या पट्ट्या दाबाव्यात तेवढ्यांचे सूर निघतात. १९७० साली आलेल्या मिनीमूगला ४४ पट्ट्या असूनही तो एका वेळी एकच स्वर काढतो.

यामाहा डीएक्स७ (१९८३) आणि कॉर्ग एम१ (१९८८) या दोहोंना ६१ पट्ट्या असून दोहोंची बहुस्वरता १६ आहे. हे साम्य फसवे आहे. एम१वर एका स्वरासाठी दोन ध्वनिस्रोत योजल्यास ती ८ वर येते. डीएक्स७मध्ये प्रत्येक स्वर सहा ऑपरेटरांपासून घडत असूनही ती १६च राहते. उलट, एम१ एकाच वेळी आठ निरनिराळे ध्वनी वाजवू शकतो, डीएक्स७ एकच. साहजिकच तालवाद्ये, बास व तंतुवाद्ये एकत्र योजली की एम१चे १६ स्वर लवकर संपतात.

मर्यादा ओलांडली गेल्यास बहुतेक वाद्ये आधीचा एखादा स्वर तोडून नव्या स्वराला जागा देतात. दहा बोटांना १६ स्वर पुरेसे वाटतात खरे. परंतु पेडल दाबून धरल्यास बोट उचललेले स्वरही मोजणीत राहतात.