मालक मायक्रोसॉफ्ट, सर्व्हर फ्रीबीएसडीचा

१९९९ साली चिपळूणच्या एका सायबर कॅफेत मी हॉटमेलचे खाते उघडले. थोरले भाईजान कुवेतला नोकरीला होते. पूर्वी त्यांना पत्र टाकले की उत्तर यायला महिना जायचा, आता दुसऱ्या दिवशी उत्तर पडद्यावर दिसू लागले. एकदा अब्बा सोबत आले. त्यांनी विचारले, "ही चिठ्ठी ठेवलेली असते कुठे? या डब्यात?" मी ऐटीत सांगितले, "नाही अब्बा, अमेरिकेत. मायक्रोसॉफ्टच्या मशीनवर."

उत्तर अर्धेच बरोबर होते. मशीन मायक्रोसॉफ्टच्या मालकीची होती, पण त्यांवर मायक्रोसॉफ्टचे विंडोज चालत नव्हते. पुढे पोटासाठी सर्व्हर सांभाळायचे काम पत्करले तेव्हा ही गोष्ट मला कळली आणि तेव्हापासून ती डोक्यातून गेलेली नाही. स्वतःच्या दुकानात विंडोज विकणारी कंपनी स्वतःचे सर्वांत मोठे टपालघर दुसऱ्याच यंत्रणेवर का चालवत होती, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. पण त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

दोन मित्र आणि तीन लाख डॉलर

सबीर भाटिया चंदीगडला जन्मले, बंगळूरला वाढले आणि पिलानीहून अमेरिकेला शिकायला गेले. अॅपल कंपनीत त्यांना जॅक स्मिथ हा सहकारी भेटला. कुठल्याही संगणकावरून उघडता येईल अशी मोफत ईमेल सेवा काढायची, अशी दोघांची कल्पना होती. सुरुवातीला गुंतवणूकदारांकडून मिळाले ३ लाख डॉलर. ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू झाले.

आता या दोघांचा हिशेब पाहा. ग्राहकाकडून एक पैसाही घ्यायचा नाही आणि ग्राहक तर लाखांनी येणार. अशा सेवेला एक मोठे महागडे यंत्र पुरत नाही, साध्या मशीनच्या रांगा लावाव्या लागतात. प्रत्येक मशीनवर दोन गोष्टी लागतात : एक ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्राचा कारभार पाहणारी मूळ प्रणाली, आणि दुसरे वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरची मागणी ऐकून पान पाठवून देणारे सॉफ्टवेअर. दर मशीनमागे परवान्याचे पैसे मोजायचे ठरवले, तर धंदा सुरू होण्याआधीच बुडणार. म्हणून दर्शनी मशीनवर त्यांनी फ्रीबीएसडी आणि अपाचे बसवले. दोन्ही फुकट होते आणि दोन्हींचा मूळ कोड कोणालाही वाचता येत होता. पत्रे साठवणाऱ्या मागच्या यंत्रांसाठी मात्र सन कंपनीची सोलारिस घेतली. समोरचे एक मशीन बंद पडले तर शेजारचे काम उचलते, पण पत्र हरवले तर ते परत येत नाही. पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे नाही, याचे त्यांना भान होते.

फुकट म्हणजे आभाळातून पडलेले नव्हे

फुकट मिळणाऱ्या या वस्तूंमागे कित्येकांची वर्षानुवर्षांची मेहनत होती. युनिक्स ही प्रणाली १९६९ साली बेल लॅब्समध्ये जन्मली. तिची मालक असलेल्या एटी अँड टी कंपनीला सरकारसोबतच्या १९५६च्या समझोत्यामुळे संगणकाचा धंदा करता येत नव्हता. त्यामुळे विद्यापीठांना युनिक्स स्वस्तात मिळाली. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात तिच्यात इतकी भर पडली की बीएसडी नावाची वेगळी शाखाच तयार झाली. पुढे बंधने उठली, युनिक्समध्ये पैसा दिसू लागला आणि १९९२ साली एटी अँड टीच्या उपकंपनीने कोर्टात दावा लावला. १९९४च्या सुरुवातीला तडजोड झाली. सुमारे १८ हजार फायलींपैकी अवघ्या ३ काढून टाकाव्या लागल्या. बाकी ज्ञान खुले राहिले. त्याच ज्ञानावर फ्रीबीएसडी उभी आहे.

अपाचेची कथा अशीच आहे. इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए केंद्रात रॉब मॅकूल यांनी एक वेब सर्व्हर लिहिला होता. १९९४ साली ते तिथून गेले आणि सॉफ्टवेअर पोरके झाले. ते वापरणाऱ्यांनी आपापल्या दुरुस्त्या एकमेकांना पाठवायला सुरुवात केली आणि १९९५मध्ये त्या ठिगळांतून अपाचे शिवले गेले. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९६मध्ये, जगात सर्वाधिक वापरला जाणारा वेब सर्व्हर तोच होता. त्यानंतर तीन महिन्यांनी हॉटमेल आले. हे खुले ज्ञान नसते, तर दोन नोकरदार तरुणांना तीन लाख डॉलरमध्ये हे धाडस परवडलेच नसते.

मालक बदलला

१९९७च्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने हॉटमेल विकत घेतले. किंमत सुमारे ४० कोटी डॉलर सांगितली गेली. तेव्हा खातेदार ८५ लाखांवर होते. विंडोजच्या मालकाचे टपालघर फ्रीबीएसडीवर चालते, ही गोष्ट तंत्रज्ञांच्या जगात चेष्टेचा विषय झाली. पण चालत्या गाडीचे चाक बदलणे सोपे नसते. दर्शनी मशीन विंडोज २०००वर न्यायला २००० साल उजाडले.

या स्थलांतरावर मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसाने कंपनीपुरता लिहिलेला अहवाल २००२ साली बाहेर फुटला. मला तो प्रामाणिक वाटतो. युनिक्सचे गुण त्यात मोकळेपणाने मान्य केले आहेत : लागेल तेवढीच प्रणाली बसवता येते, सगळी मांडणी साध्या मजकुराच्या फायलींत असते, यंत्र सारखे बंद-चालू करावे लागत नाही. विंडोजकडे जाण्याची कारणेही दिली आहेत : प्रोग्रॅम लिहिण्याची चांगली साधने आणि जगभरच्या भाषांची सोय. पण नुसती प्रणाली बदलून भागले नाही. जुन्या पद्धतीत प्रत्येक मागणीसाठी नवा प्रोग्रॅम सुरू व्हायचा. विंडोजवर हे महाग पडते, म्हणून सॉफ्टवेअर नव्या पद्धतीने लिहावे लागले. जून २००१मध्ये कंपनीने काम पुरे झाल्याचे सांगितले आणि काही दिवसांतच कबूल केले की पत्ते शोधून देणारी डीएनएस यंत्रणा अजून फ्रीबीएसडीवरच आहे.

हा तावीज नव्हे

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे फुकटचे ते चांगले आणि विकतचे ते वाईट. मी तसे म्हणत नाही. ऑगस्ट १९९९मध्ये हॉटमेलमध्ये असे भगदाड सापडले की खरा पासवर्ड नसतानाही कोणाचेही खाते उघडता येत होते. तेव्हा दर्शनी मशीनवर फ्रीबीएसडी आणि अपाचेच होते. दोष हॉटमेलच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. उलट, जुलै २००१मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरवर 'कोड रेड' नावाचा किडा पसरला. १९ जुलैला १४ तासांच्या आत साडेतीन लाखांवर मशीन त्याच्या तावडीत गेली. पण त्यावरची दुरुस्ती जूनमध्येच आलेली होती, ती बसवायची राहिली होती. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे गळ्यात बांधायचा तावीज नाही. राखण माणसालाच करावी लागते.

याची दुसरी साक्ष व्हॉट्सअॅप देते. यान कूम आणि ब्रायन अॅक्टन दोघेही याहूतून आलेले आणि याहूचे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालायचे. त्यांनी तीच प्रणाली घेतली, कारण हाताला तिची सवय होती. २०१२च्या सुरुवातीला त्यांनी एका सर्व्हरवर २० लाख जोडण्या सांभाळून दाखवल्या. २०१४ साली फेसबुकने कंपनी घेतली तेव्हा सुमारे ४५ कोटी वापरकर्त्यांमागे इंजिनिअर तीसेक होते. पुढे व्हॉट्सअॅपही फेसबुकच्या लिनक्सवर गेले, कारण नव्या घरातल्या लोकांना लिनक्स येत होते. दोन्ही वेळा यंत्रणा बदलली ती घरच्या माणसांचे हात पाहून.

मागच्या वर्षी आमच्या भागातल्या एका वाचनालयाच्या मंडळींनी मला बोलावले. जुन्या अंकांची स्कॅन केलेली पाने त्यांनी वेबसाइटवर ठेवली होती. साइट उभारून देणारा मुलगा परदेशी गेला, पासवर्ड त्याच्यासोबत गेला आणि पाठोपाठ साइटही बंद पडली. काही पानांच्या मूळ प्रती वाळवीने कधीच खाल्ल्या होत्या. सेक्रेटरी चाचांनी विचारले, "आता कोणता सर्व्हर घेऊ? सर्वांत चांगला कोणता?"

मी म्हणालो, "चाचा, आधी हे सांगा की रात्री बंद पडला तर उठून चालू कोण करणार? अशी दोन नावे द्या. त्यांना जे येते ते घेऊ. आणि पानांची एक प्रत इथल्या कपाटात ठेवू."

चाचांनी वहीत एक नाव लिहिले. दुसरे अजून शोधत आहेत.