हेडलाइट कोणी बदलायचा?

मालमोटारींच्या पाठीवर रंगवलेले ‘यूज डिपर ॲट नाईट’ हे शब्द आपण सर्वांनी वाचले आहेत. रात्री समोरून गाडी आली की वरचा झोत बंद करून खालचा लावावा, एवढीच ती विनंती. पण अलीकडे डिपर देऊनही समोरच्याचे डोळे दिपतात, अशी तक्रार ऐकू येते. याचे एक कारण घरोघरी सापडते. दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या गाडीचा उजेड कमी वाटू लागला की मालक बाजारातून पांढरा लख्ख एलईडी बल्ब आणतो आणि जुन्याच होल्डरमध्ये बसवतो. बल्ब बसतो, उजेडही वाढतो. मग बिघडते काय? हे समजून घ्यायचे तर मोटारीच्या दिव्याचा शंभर वर्षांचा इतिहास पाहावा लागेल. वाहन चालवणाऱ्या माणसाला आपला दिवा आपण बदलता यावा की नाही, या प्रश्नाभोवतीच तो फिरत राहिला आहे.

कार्बाइडचे दिवस

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींवर ॲसिटिलीनचे दिवे असत. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर थेंबथेंब पाणी पडे, त्यातून ॲसिटिलीन वायू निघे आणि तो पांढऱ्या ज्योतीने जळे. मागे चुन्याचा गाळ उरे, तो रोज काढून टाकावा लागे. आंबे पिकवण्यासाठी चोरून वापरले जाणारे कार्बाइड ते हेच. पुढे १९०४ साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे कार्ल फिशर व जेम्स ॲलिसन यांनी हा वायू नळकांड्यात भरून विकण्याचा धंदा सुरू केला. नुसता दाबून भरला तर ॲसिटिलीनचा स्फोट होतो, म्हणून तो ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवत. या दिव्याची सगळी देखभाल चालकाच्याच हाती होती, आणि ती बरीच कटकटीची होती.

विजेचा दिवा व्यवहारात आला तो टंगस्टनच्या तंतूमुळे. कार्बनचा तंतू गाडीच्या हादऱ्यांनी तुटे. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेली विद्युत यंत्रणा १९१२च्या कॅडिलॅक मोटारीत बसली. एकाच बॅटरीवर इंजिन सुरू करणे आणि दिवे लावणे, दोन्ही कामे त्यामुळे होऊ लागली. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला १९१५ साली विजेचे दिवे मिळाले, पण त्यांना वीज पुरवी इंजिनाच्या चाकावरचे मॅग्नेटो. इंजिन मंदावले की दिवेही मंदावत. अंधाऱ्या वळणावर, जिथे गाडी हळू न्यायची, तिथेच उजेड कमी!

एक मिलिमीटरची किंमत

उजेड मिळाला, तसा डोळे दिपण्याचा प्रश्नही आला. इथे थोडे भूमितीकडे वळू. हेडलाइटचा परावर्तक, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला ‘डूम’, अन्वस्ताच्या आकाराचा असतो. अन्वस्ताच्या नाभीवर प्रकाशाचा बिंदू ठेवला की परावर्तित किरण समांतर निघतात. तंतू नाभीपासून जरा सरकला तर?

नाभीय अंतर २५ मिलिमीटर मानू या. तंतू १ मिलिमीटर खाली सरकला, तर झोत सुमारे एकपंचविसांश रेडियन, म्हणजे साधारण २.३ अंशांनी वर उचलला जातो. कोन लहान वाटतो, पण २५ मीटर अंतरावर तो झोताला सुमारे १ मीटर वर नेतो. जो प्रकाश रस्त्यावर पडायचा, तो समोरून येणाऱ्या स्कूटरस्वाराच्या डोळ्यांत जातो. म्हणजे हेडलाइटचे काम किती उजेड पडतो यावर जितके अवलंबून असते, तितकेच तंतू कुठे आहे यावरही असते.

याच भूमितीचा उपयोग करून १९२०च्या दशकात दोन तंतूंचा बल्ब बनला. एक तंतू नाभीवर, तो वरच्या झोतासाठी. दुसरा नाभीच्या थोडा पुढे. पुढे असल्यामुळे परावर्तकाच्या वरच्या अर्ध्या भागातून येणारे किरण खाली वळतात, पण खालच्या अर्ध्या भागातून येणारे वर जातात. हे वर जाणारे किरण नकोत, म्हणून युरोपीय बल्बात दुसऱ्या तंतूच्या खाली धातूची एक छोटी वाटी बसवली. ती खालच्या अर्ध्या भागाकडे प्रकाश जाऊच देत नाही. डिपर दिल्यावर घडते ते एवढेच.

सात इंची गोल दिवा

तंतू जागेवर असला तरी परावर्तक चांगला राहिला पाहिजे. त्या काळी तो चांदीचा मुलामा दिलेल्या पितळेचा असे. धूळ आणि दमट हवा आत शिरे, चांदी काळवंडे आणि दोन-तीन वर्षांत उजेड निम्म्यावर येई. शिवाय प्रत्येक कंपनीचा दिवा वेगळा आणि बल्ब बसवताना तंतू नाभीवर आणणे कौशल्याचे काम.

यावर अमेरिकेत जो उपाय निघाला तो धीट होता. जनरल इलेक्ट्रिकमधील डॅनियल राईट यांनी दाबून घडवलेल्या काचेचा दिवा तयार केला. काचेचाच परावर्तक, त्यावर निर्वातात चढवलेला ॲल्युमिनियमचा पातळ थर, पुढे काचेचे भिंग, आत तंतू, आणि सगळे वितळवून एकत्र बंद केलेले. म्हणजे संपूर्ण हेडलाइट हाच एक मोठा बल्ब. आपल्याकडचे मेकॅनिक याला ‘सीलबीम’ म्हणतात. १९४० सालच्या मोटारींपासून अमेरिकेत ७ इंच व्यासाचा असा गोल दिवा सर्व गाड्यांना सक्तीचा झाला.

याचा फायदा सामान्य माणसाला झाला. गाडी कोणतीही असो, दिवा एकच. कुठल्याही पेट्रोलपंपावर तो स्वस्तात मिळे. बाहेरची कडी काढायची, तीन स्क्रू सैल करायचे, मागचा तीन पिनांचा सॉकेट ओढायचा आणि नवा दिवा बसवायचा. तंतू नाभीवर आणण्याची चिंता कारखान्याने कायमची मिटवली होती. आत धूळ जाण्याचा प्रश्नच नव्हता. दिवा शेवटच्या दिवसापर्यंत जवळजवळ नव्यासारखा प्रकाश देई.

पण मानक एकदा दगडासारखे घट्ट झाले की सुधारणाही अडते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस चार लहान गोल दिव्यांना आणि १९७०च्या दशकात आयताकृती दिव्यांना परवानगी मिळाली, एवढेच. फ्रान्सच्या सित्रोएन डीएस मोटारीत १९६७ पासून काचेच्या आवरणामागे चाकांबरोबर वळणारे दिवे होते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या डीएसला मात्र ते लावता येत नसत. वरच्या झोताची तीव्रताही १९७८ पर्यंत ७५,००० कॅन्डेलांवर बांधलेली होती. मग ती दुप्पट करण्यात आली.

युरोपने काय ठरवले?

युरोपने वेगळी वाट धरली. त्यांनी दिव्याच्या आकाराचे नव्हे, तर बल्बचे मानक ठरवले. डूम हवा तसा घडवा, पण तंतू बल्बच्या पट्टीपासून ठरलेल्या अंतरावरच असला पाहिजे आणि बल्ब एकाच रीतीने बसला पाहिजे. १९६२ साली ‘एच-१’ हा हॅलोजन बल्ब आला आणि १९७१ साली दोन तंतूंचा ‘एच-४’. आपल्या देशातील असंख्य गाड्यांत हाच ‘एच-४’ बसतो: १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट.

हॅलोजनची गंमत वर्गात सांगण्यासारखी आहे. साध्या बल्बात टंगस्टनची वाफ होऊन ती काचेवर बसते आणि काच काळी पडते. आत थोडे आयोडीन किंवा ब्रोमीन घातले तर काचेजवळ टंगस्टनची वाफ त्याच्याशी संयोग पावते. हे संयुग फिरत तप्त तंतूजवळ आले की फुटते आणि टंगस्टन परत तंतूवर बसते. त्यासाठी काच खूप तापलेली हवी, म्हणून बल्ब लहान आणि क्वार्ट्‌झचा. बोटांचा घाम लागला तर त्यातील क्षार उष्णतेने काचेत मुरतात व बल्ब लवकर जातो. म्हणूनच तो कापडात धरून बसवायचा.

काच गेली, प्लास्टिक आले

फोर्डच्या मागणीवरून १९८३ साली अमेरिकेने नियम बदलले. १९८४ची लिंकन मार्क-७ ही बदलता येणारा बल्ब आणि गाडीच्या आकारात बसणारा दिवा असलेली तिथली पहिली मोटार. हवेचा रोध कमी झाला, गाड्या देखण्या झाल्या. पण आता पुढचे भिंग पॉलिकार्बोनेटचे होते. ते सहज फुटत नाही, मात्र उन्हातील अतिनील किरणांनी त्याचे ऑक्सिडीकरण होते. वरचा संरक्षक थर झिजला की ते पिवळे, धुरकट होते. जुन्या गाडीचा उजेड कमी होण्याचे खरे कारण पुष्कळदा बल्ब नसून हे भिंग असते. घासून ते काही काळ स्वच्छ होते, पण नवा संरक्षक थर न दिल्यास पुन्हा धुरकटते. आणि पूर्ण दिवा बदलायचा तर तो त्याच गाडीचा हवा, किंमतही त्याच कंपनीची.

यानंतर १९९१ साली झेनॉनचे आणि २००८ साली संपूर्ण एलईडीचे हेडलाइट मोटारींत आले. त्यांतील परावर्तक व भिंगे त्याच प्रकाशस्रोतासाठी घडवलेली असतात. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. ‘एच-४’च्या डूमचा प्रत्येक भाग एका बारीक, सर्व बाजूंना प्रकाश फेकणाऱ्या तंतूसाठी आखलेला असतो. एलईडीचे चिप चपटे, दोन बाजूंना प्रकाश देणारे. ते तंतूच्या नेमक्या जागी नसले, किंवा खालची वाटी नीट साधली नाही, की प्रकाश वर सांडतो. जर्मनीने २०२० साली काही एलईडी बल्बांना मान्यता दिली, तीसुद्धा चाचणी झालेल्या ठरावीक मोटारींपुरतीच. बल्ब आणि डूम ही जोडी आहे, हेच त्यातून दिसते.

जास्त वॅटचा बल्ब हाही उपाय नव्हे. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर घेतात, ९० वॅटचे दोन १५ अँपिअर. तारेतील उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे पावणेतीन पट! जुनी तार आणि स्विच वितळतात ते यामुळे. उलट, गंजलेल्या जोडांमुळे व्होल्टता १० टक्के घटली तर हॅलोजनचा उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. जोड घासून स्वच्छ करणे आणि रिले बसवणे हा स्वस्त आणि सुरक्षित इलाज आहे.

भिंतीवरची परीक्षा

आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये खालच्या झोताची कसोटी माणसाच्या डोळ्यांनीच सांगितली आहे: दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये.

ही कसोटी शाळेच्या मैदानावर घेता येते. सपाट जागी गाडी भिंतीपासून ८ मीटरवर उभी करावी. दिवा काढण्यापूर्वीच डिपरच्या उजेडाची वरची कडा खडूने भिंतीवर आखून ठेवावी. नवा बल्ब बसवल्यावर कडा तिथेच येते का, ती तितकीच रेखीव आहे का, ते पाहावे. कडा वर सरकली असेल तर दिवा धरणाऱ्या स्क्रूंना हात न लावता झोत जुळवणाऱ्या स्क्रूंनी ती खाली आणावी. कडाच नाहीशी होऊन उजेड भिंतभर पसरला असेल, तर तो बल्ब त्या डुमाचा नव्हे. कोणताही स्क्रू फिरवून तो सुधारणार नाही.

म्हणून हेडलाइट घरी जरूर बदलावा. मात्र तो बदलताना भिंतीवरची खडूची रेघ समोरून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी आहे, हे विद्यार्थ्यांना सांगावे. अन्वस्ताची नाभी त्यांना पुस्तकापेक्षा इथे अधिक चांगली समजेल, असे आम्हाला वाटते.