उत्तरार्ध सरस ठरतो तेव्हा

गाजलेल्या कृतीचा दुसरा भाग निघणार असे कळले की जाणत्या रसिकाच्या कपाळाला आठी पडते. पहिल्या पंगतीला आमटी संपत आली म्हणून तीत पाणी घालून दुसऱ्या पंगतीला वाढावी, तसा हा व्यवहार बहुधा असतो. अमेरिकेतील अतिमानवी नायकांच्या चित्रपटांचा इतिहास पाहू गेल्यास हा संशय पुष्कळदा खरा ठरला आहे. तथापि एक अपवाद असा आहे की, त्याचा विचार केल्याने उत्तरार्धाचे प्रयोजन काय, हे नीट कळून येते. तो अपवाद म्हणजे सॅम रेमी या दिग्दर्शकाचा २००४ सालचा 'स्पायडर-मॅन २'.

पहिला भाग २००२ सालच्या मे महिन्यात प्रदर्शित झाला, तेव्हा आम्ही शाळेत होतो. कोळ्यासारखा भिंती चढणारा माणूस पाहून जो हर्ष झाला, त्यात गुणदोषांची निवड करण्याचे वय नव्हते. गेल्या महिन्यात दोन लागोपाठच्या रविवारी, घरापासून फार दूर असलेल्या सरकारी वसाहतीतील आमच्या खोलीत, हे दोन्ही चित्रपट आम्ही पुन्हा पाहिले. पहिल्याने पूर्वीचाच आनंद दिला. दुसऱ्याने मात्र झोप उडवली. असे का व्हावे, याचा हा थोडा शोध.

मूळ पात्र १९६२ सालचे. स्टॅन ली यांची कल्पना आणि स्टीव्ह डिट्को यांची रेखाटने यांतून ते ऑगस्ट १९६२ च्या 'अमेझिंग फँटसी' या चित्रकथांच्या मासिकात अवतरले. गंमत अशी की, तो त्या मासिकाचा पंधरावा आणि अखेरचा अंक होता. तोवरचे अद्भुत नायक बहुधा प्रौढ, रुबाबदार आणि निश्चिंत असत. पीटर पार्कर हा शाळकरी पोर, काका-काकूंनी वाढवलेला आणि पैशांच्या विवंचनेत असलेला. चोराला अडवणे हातात असता त्याने ते केले नाही आणि त्याच चोराने पुढे त्याच्या काकांचा जीव घेतला. या अपराधाच्या जाणिवेवर सारी कथा उभी आहे.

अशा भव्य रूपात पडद्यावर यायला या कथेला चाळीस वर्षे लागली. हक्कांचे वाद अनेक कंपन्यांत वर्षानुवर्षे चालले आणि १९९९ साली ते मिटल्यावरच मार्ग मोकळा झाला. साहजिकच पहिल्या चित्रपटावर कामांचा बोजा फार होता. कोळ्याचा दंश, शक्तीची ओळख, काकांचा मृत्यू, पोशाख, प्रेम, वैरी, अशी सारी मांडामांड एकाच बैठकीत उरकायची होती. डेव्हिड केप यांच्या पटकथेने ती चोख केली, हे मान्यच केले पाहिजे. पण मांडामांड करण्यात यजमानाचा वेळ गेला, की पाहुण्याशी बोलायला सवड उरत नाही. शिवाय अखेरचा सामना दोन मुखवट्यांचा आहे. विलेम डॅफो हा कसलेला नट. परंतु ताठ हिरव्या मुखवट्याआड त्याचा चेहराच हरवला. चेहरा दिसत नाही तिथे क्रोध ऐकू येतो, पण दुःख पोचत नाही.

दोन वर्षांनी आलेल्या उत्तरार्धाने नेमकी इथेच सुधारणा केली. आल्फ्रेड मोलिनाने रंगवलेला डॉक्टर ऑक्टेव्हियस याच्या पाठीवर चार यांत्रिक बाहू आहेत, पण चेहरा उघडा आहे. तो मुळात सज्जन शास्त्रज्ञ असून पत्नीवर त्याचे निस्सीम प्रेम आहे. स्वतःच्याच प्रयोगात ती दगावते आणि हट्टापायी त्याचा तोल जातो. अखेरीस भानावर येऊन तो आपले यंत्र स्वतः नदीत बुडवतो आणि त्यासोबत आपला प्राणही देतो. असा खलनायक मारून टाकायचा नसतो, त्याला परत माणसात आणायचे असते. संघर्षाची पातळीच यामुळे उंचावते.

परंतु खरा फरक याहून खोल आहे. पहिला भाग शक्ती मिळण्याचा आहे, तर दुसरा तिचे मोल चुकते करण्याचा. आल्विन सार्जंट या वयोवृद्ध पटकथाकाराने त्यात युद्धाइतकीच जागा संसाराला दिली. पीटरचे घरभाडे थकले आहे. पिझ्झा पोचवण्यास उशीर झाला म्हणून नोकरी जाते. मैत्रिणीच्या नाटकाला तो वेळेवर पोचत नाही आणि दारावरचा माणूस त्याला आत सोडत नाही. काकूचे घर बँकेच्या घशात चालले आहे. तरीही ती वाढदिवसाला वीस डॉलर त्याच्या हातात कोंबते आणि तो नको म्हणताच रागावून रडते. हा प्रसंग पाहताना, फलाटावर गाडी सुटता सुटता आमच्या मुठीत नोट कोंबणारी आई आम्हास आठवली. आम्ही तेव्हा चांगले पगारदार झालो होतो.

पुढे पीटर पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकून निघून जातो. हे दृश्य जुलै १९६७ च्या पन्नासाव्या अंकातील चित्रावरून घेतले आहे. कर्तव्य सोडल्यावर त्याचा अभ्यास सुधारतो, चेहऱ्यावर हसू येते. पण गल्लीत मार खाणाऱ्या माणसाकडे त्याला पाठ फिरवावी लागते; आणि जळत्या घरातून एक मूल वाचवल्यावर कळते की, वरच्या मजल्यावर कोणी एक राहूनच गेले. कर्तव्य केले तरी कोणी घायाळ, सोडले तरी कोणी घायाळ. हा पेच १९८० च्या 'सुपरमॅन २' मध्येही होता. तिथेही नायक प्रेमासाठी शक्ती त्यागतो. परंतु ती पुन्हा इतक्या सहज मिळते की त्यागाचा व्रण राहत नाही. इथे व्रण राहतो. काकांच्या मृत्यूची कबुली पीटर देतो, तेव्हा काकू आपला हात सोडवून घेते आणि न बोलता जिना चढून जाते. या शांततेची बरोबरी करणारे एकही उड्डाण दोन्ही चित्रपटांत नाही.

उलट बाजूही नोंदवली पाहिजे. नायिका याही खेपेस अखेर ओलीसच ठरते. गल्ल्याचा हिशेब मांडला तर जगभरात पहिल्याने सुमारे ८२ कोटी डॉलर मिळवले, दुसऱ्याने अधिक खर्च होऊनही सुमारे ७९ कोटी. दृश्यचमत्कृतींचे ऑस्कर मात्र दुसऱ्यास लाभले. पुढे २००७ साली तिसरा भाग आला. त्यात वैरी तीन झाले आणि कथा पातळ झाली. आकार वाढवल्याने उत्तरार्ध सरस होत नाही, याचा दाखला त्याच दिग्दर्शकाने असा स्वतःच दिला.

सुटलेली आगगाडी पीटर छातीने थोपवतो, तो प्रसंग आम्हास सर्वांत मोलाचा वाटतो. मूर्च्छित झालेल्या त्या मुखवटाहीन पोराला प्रवासी हातोहात आत घेतात. हा तर आपल्याच मुलांएवढा, हे त्यांच्या ध्यानी येते, आणि त्याचे नाव बाहेर न फोडण्याचे वचन दोन लहान मुले देतात. पहिल्या भागात लोकांनी पुलावरून वैऱ्यावर वस्तू फेकल्या होत्या. दुसऱ्यात त्यांनी नायकाला उचलून धरले.

आपण बदलीवर असलेली माणसे कुणी अतिमानव नव्हेत. कागदांचे गठ्ठे निकालात काढणे यात पराक्रम तो काय? तरी रजा नामंजूर झाली की, गावाकडे कोणाचा तरी सण कोरडा जातो. गेल्या दिवाळीत आमचे असेच झाले. 'काम आधी,' असे आई दूरध्वनीवर म्हणाली, आणि तिने तो आमच्या आधी ठेवला. कर्तव्याची किंमत आपण मोजतो, असे आपणांस वाटत असते. वस्तुतः तिचा मोठा हिस्सा घरी राहिलेले कोणीतरी मुकाट्याने भरत असते. पहिला भाग पाहून हे आम्हास कळले नव्हते. दुसरा पाहून कळले, आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही रजेचा अर्ज पुन्हा लिहिला.