कमरेची सुरी

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, शिवाजी महाराज संग्रहालयात तलवारी आहेत, चिलखत आहे. शस्त्रालाही इतिहास असतो, हे तिथे काचेतून कळते. पण गावकुसाबाहेरच्या माणसाने पिढ्यान् पिढ्या कमरेला बाळगलेली, ढोर सोलायची सुरी कोणत्या काचेत ठेवायची, हा प्रश्न आमच्या इतिहासकारांना पडलेला नाही.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाला दागिने लोखंडाचे नेमून दिले आहेत. सोने गेले, रुपे गेले, उरले लोखंड. बेदरच्या बादशहाने अमृतनाकाला बावन्न हक्कांची सनद दिली, अशी कथा महारवाड्यांतून सांगितली जाई. मेलेल्या ढोरावरचा हक्क त्यांतलाच. पण जे नाकारण्याची मुभा नाही, त्याला हक्क म्हणायचे कसे? इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद केली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली. मधल्या काळात बंदूक हातून गेली. सुरी मात्र सक्तीची राहिली.

माझ्या आज्याची सुरी माझ्याकडे आहे. पैठण तालुक्यातल्या एका लोहाराकडून त्याने ती धान्य देऊन घडवून घेतली होती. पाते वीतभर, पोट गोलावलेले, टोक मुद्दाम बोथट. टोकदार सुरीने कातड्याला भोक पडते, आणि भोक पडले की भाव पडतो. जाणता माणूस सुरी कमीच चालवी. पोटावरून एक उभा छेद, पुढचे काम मुठीने रेटून. धारेला कुरुंदाचा दगड, शेवटी चामड्यावर चार हात. काम झाले की राखेने घासायची, कोरडी करायची, वर करडईच्या तेलाचे बोट फिरवायचे. पावसाळ्यात म्यानात ठेवायची नाही, हा त्याचा दंडक. बाभळीच्या सालीने कमावलेले कातडे ओल धरते आणि लोखंड काळे पाडते. एवढी निगा त्या माणसाने स्वतःच्या अंगाची कधी राखली नसेल. ढोर गावाचे, काम गावाचे, कातड्यावर डोळा गावाचा. सुरी तेवढी त्याची.

हे लिहिताना धोका दिसतो. कौशल्याचे कौतुक करता करता त्या कामालाच आमचा धर्म ठरवणारे पुष्कळ होऊन गेले. १९ व २० मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडायला सांगितले, ते काही सुरीच्या रागाने नव्हे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी त्या जुन्या टीकाकारांचा समाचार घेतला. कातडे, शिंगे, हाडे यांच्या मिळकतीचा हिशेब मांडून ‘हे उत्पन्न का बुडवता’ असे विचारणाऱ्यांना त्यांचे उत्तर होते की मग तो फायदा तुम्हीच घ्या. याला आजवर कोणी तोंड दिलेले नाही.

आमच्या घरी धर्मांतरानंतर वाद झाला. वडील तेव्हा नागसेनवनात, १९५० साली सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकत होते. सुरी मोडीत द्या, ती गुलामीची खूण आहे, असे त्यांचे म्हणणे. आज्याने ढोर ओढणे त्याच साली सोडले, सुरी सोडली नाही. पुढे तो तिने दोऱ्या कापी, कांदा चिरी. तेलाचे बोट मात्र चुकले नाही. माझ्या मते दोघांचेही खरे होते. पण आमच्या नियतकालिकांनी वडिलांचीच बाजू लिहिली. आज्याची लिहायची राहिली, कारण ती लाजेच्या खात्यात टाकली गेली. सोलणाऱ्याला लाज आणि कातड्याचा जोडा घालणाऱ्याला मान, ही वाटणी कोणी केली, हे तरी आपण विचारले पाहिजे.

११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उनाजवळच्या मोटा समढियाळा गावात मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारले. काम करावे तर मार, सोडावे तर बहिष्कार, हा जुनाच न्याय. त्यानंतर तिथल्या लोकांनी सुऱ्या खाली ठेवल्या, आणि सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीसमोर मेलेली जनावरे आणून टाकली.